प्लायच्या दोन शीट, एक होडी

हैदराबादच्या हुसेन सागर तळ्यातली सगळ्यात लहान शिडाची होडी ओळखायला सोपी आहे. लांबी जेमतेम २.३ मीटर, वजन ३५ किलो, एक डोलकाठी, एक चौकोनी शीड आणि आत एकच मूल. बाकीच्या होड्या पुढे निमुळत्या होत जातात, हिचं नाक मात्र करवतीनं सरळ कापल्यासारखं आखूड आणि चपटं. हिचं नाव ऑप्टिमिस्ट. हिच्यातून शर्यती फक्त पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांनीच खेळायच्या, असा तिचा जगभरचा नियम आहे. पावसाळ्यात हैदराबादवर पश्चिमेचा वारा धरला की टँक बंडवरून बुद्धाच्या पुतळ्याच्या आसपास ही शिडं कलताना, वळताना दिसतात. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब आहे, आणि तळं आहे इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळातलं, १५६२ सालचं.

हिचं नाक असं का, याचं उत्तर प्लायवूडच्या दुकानात मिळतं. प्लायची शीट येते आठ बाय चार फुटांची. १९४७ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात, क्लिअरवॉटर नावाच्या गावी, क्लिफर्ड मॅके या गृहस्थांना मुलांसाठी एक होडी हवी होती. गावातली मुलं तेव्हा घरीच जोडलेल्या बिनइंजिनाच्या गाड्या उतारावरून सोडून शर्यती लावत. तसंच काही पाण्यावर करता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. अट अशी, की खर्च पन्नास डॉलरच्या आत बसावा आणि बापलेकांना ती घराच्या पडवीत बांधता यावी. क्लार्क मिल्स या होडीबांधणाऱ्यानं आव्हान घेतलं. टोकदार नाक काढायचं तर आठ फुटांत लांबी पुरेना, म्हणून त्यानं नाकच छाटलं. दोन शीटमध्ये अख्खी होडी बसली. गावातल्या ऑप्टिमिस्ट क्लबनं पाठबळ दिलं, त्यावरून तिला नाव मिळालं. १९५४ मध्ये ॲक्सेल डॅमगार्ड यांनी ती डेन्मार्कला नेली, तिथून ती युरोपभर पसरली आणि १९६५ मध्ये तिची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली.

मला या इतिहासातली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. ही होडी विकत घेण्यासाठी जन्माला आलीच नव्हती, ती बांधण्यासाठी आली होती. मुलानं करवत धरायची, फळीला रंधा मारायचा, सांधे बुजवायचे आणि मग त्यात बसून वारा शिकायचा, असा तो एकच अभ्यासक्रम होता. आज त्यातला दुसरा अर्धा भाग आपण जपला आहे आणि पहिला सोडून दिला आहे.

त्या काळात हे वेड एकट्या ऑप्टिमिस्टपुरतं नव्हतं. इंग्लंडमध्ये जॅक होल्ट यांनी १९५६ साली एंटरप्राइज नावाची दोघांची होडी काढली. एका वर्तमानपत्रानं तिचा प्रचार केला आणि लोकांनी प्लायचे सुटे भाग आणून ती घरोघर जोडली. आपल्याकडच्या लष्करी आणि नागरी क्लबांत ही निळ्या शिडांची होडी वर्षानुवर्षं चालत आली आहे. पुढे १९६३ मध्ये होल्ट यांनीच बॅरी बकनेल यांच्यासोबत मिरर ही होडी केली. तिची युक्ती फार सुंदर आहे. प्लायच्या दोन फळ्यांच्या कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं त्या एकमेकींना शिवायच्या, आणि आतून त्या शिवणीवर काचेच्या धाग्यांची पट्टी रेझिननं चिकटवायची. रेझिन वाळलं की तार कापून टाकायची. सुतारकामातला सगळ्यात अवघड सांधा अशा रीतीनं शिवणकामावर आला. एका खोलीएवढी जागा आणि साधी हत्यारं असलेल्या माणसालाही होडी बांधता येऊ लागली.

काचेचं कापड आणि रेझिन या जोडीनंच लाटांवर उभं राहायच्या फळीचं, म्हणजे सर्फबोर्डाचंही रूप पालटलं. हवाईतल्या जुन्या फळ्या अखंड लाकडाच्या आणि उचलायला दोन माणसं लागतील इतक्या जड. दुसऱ्या महायुद्धानं काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन बाजारात आणलं आणि १९४६ मध्ये पीट पीटरसन यांनी त्याची फळी केली. १९५८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचा गाभा आणला. फोमचा ठोकळा रंध्यानं तासायचा, त्यावर कापड ताणायचं, रेझिन ओतून पसरायचं, वाळलं की घासायचं. इतकं सोपं झाल्यावर हौशी लोकांनी गॅरेजमध्ये फळ्या करायला सुरुवात केली. पुढे अमेरिकेतले बहुतेक कारागीर क्लार्क यांच्याच कारखान्याच्या फोमवर विसंबून राहिले, आणि ५ डिसेंबर २००५ रोजी तो कारखाना अचानक बंद झाला तेव्हा सगळ्या धंद्याचे हातपाय गळाले. त्यानंतर थर्मोकोलच्या जातीच्या फोमला आणि इपॉक्सी रेझिनला भाव आला. इथे एक गोष्ट कुणीही घरी प्रयोग करण्याआधी लक्षात ठेवावी. पॉलिएस्टर रेझिन थर्मोकोलवर ओतलं तर थर्मोकोल विरघळतं, म्हणून थर्मोकोलच्या गाभ्यावर फक्त इपॉक्सीच चालतं.

आता पुन्हा आपल्या होडीकडे, आणि मुख्य कामाकडे, म्हणजे दुरुस्तीकडे. ऑप्टिमिस्ट आज बहुतेक ठिकाणी फायबरग्लासची असते, आणि तिला लागतं ते बहुधा पाण्यात नाही, काठावर. सिमेंटच्या उतारावरून ओढताना तळ घासतो, शर्यत सुटताना दुसऱ्या होडीचा कोपरा बसतो. वरचा चकचकीत थर, ज्याला सगळे जेलकोट म्हणतात, तडकतो आणि पाणी आत शिरतं. पहिलं काम कान देण्याचं. रुपयाच्या नाण्यानं तडकलेल्या जागेभोवती टकटक करत जायचं. धड जागेचा आवाज खणखणीत येतो, आतले थर सुटलेल्या जागेचा बद्द. जिथे आवाज बदलतो तिथे पेन्सिलीनं खूण करायची. दिसणाऱ्या भेगेपेक्षा ही खूण बहुतेक वेळा बरीच मोठी निघते.

मग वाळवायचं. घाई करणारे इथेच फसतात. कवचाच्या आतला फोम ओला असेल तर वरून कितीही छान पट्टी लावा, ती फुगून सुटणार. हैदराबादचा कोरडा हिवाळा या कामाला फार चांगला. भर पावसाळ्यात दुरुस्ती काढली तर होडी आधी छपराखाली दिवसेंदिवस ठेवावी लागते. वाळली की ग्राइंडरनं सुटलेला भाग काढून कडा उतरत्या करायच्या. उतार किती, याचा हिशेब ठरलेला आहे: कवच जितकं जाड त्याच्या बारा पट. तीन मिलीमीटर जाडीला चारी बाजूंनी छत्तीस मिलीमीटर. एवढ्याशा होडीत एवढा मोठा खड्डा करताना जीव वरखाली होतो, पण नवीन पट्टीची जुन्या कवचाशी पकड याच उतारावर असते. उभी कड ठेवून भोक बुजवलं तर पहिल्याच आदळण्याला बूच निघून येतं.

पॉलिएस्टर रेझिन मधासारखं जाडसर असतं. शंभर ग्रॅमला एक ते दोन ग्रॅम हार्डनर घालून ढवळलं की घड्याळ सुरू होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की हातातला वेळ साधारण निम्मा होतो, म्हणून मे महिन्याच्या दुपारी मग भरून रेझिन कालवलं तर ते होडीला लागण्याआधी मगातच तापून, धूर सोडून दगड होतं. थोडं थोडं कालवावं, पसरट भांड्यात ओतावं आणि सकाळी लवकर काम उरकावं. काचेची मॅट पांढरीशुभ्र असते. ब्रशनं रेझिन मुरवत गेलं की ती हळूहळू काचेसारखी आरपार होते आणि खालची पेन्सिलीची खूण पुन्हा दिसू लागते. पांढरा ठिपका राहिला तर तिथे हवा आहे, लहान रोलरनं ती कडेला ढकलून काढायची. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन पुरतं, जास्त ओतल्यानं ताकद वाढत नाही, फक्त वजन वाढतं. शेवटच्या थरावर प्लास्टिकचा ताव झाकावा, कारण हवा लागलेलं पॉलिएस्टर वरून चिकट राहतं. मग पॉलिश पेपर: ८० नंबर, १२०, २२०, आणि पाणी लावून ४००, ६००. तळहात फिरवल्यावर जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं हे कळेनासं झालं की थांबायचं.

मुलांच्या हातात हे काम देताना दोन गोष्टींत तडजोड नको. हार्डनर डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा हवाच. आणि रेझिन लवकर आळावं म्हणून त्यात वापरतात ते कोबाल्टचं द्रावण व हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. घासताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि नाकावर चांगला मास्क. काचेचा भुगा अंगाला खाजतो, अंघोळ गार पाण्यानं करावी.

हुसेन सागरावर हे शिकायला माणसं आणि होड्या दोन्ही आहेत. लष्कराच्या ईएमई सेलिंग असोसिएशननं आणि सिकंदराबाद सेलिंग क्लबनं इथे शिडाचा खेळ रुजवला. २००९ मध्ये सुहेम शेख यांनी यॉट क्लब ऑफ हैदराबाद सुरू केला आणि या खेळाचं दार पैसेवाल्यांच्या पलीकडे उघडलं. रसूलपुऱ्यातल्या उद्भव शाळेची, कष्टकरी घरांतली मुलं इथे ऑप्टिमिस्टवर शिकली. त्यांतलीच प्रीती कोंगरा पुढे ४७० वर्गाच्या होडीत आशियाई खेळांपर्यंत पोचली. ज्या मुलीच्या घरात होडीचं नावही कधी निघालं नव्हतं ती वारा वाचायला शिकते, तर त्याच मुलीला होडीचं कवच वाचायला शिकवणं मुळीच अवघड नाही. राणीगंजच्या हार्डवेअर बाजाराच्या शहरात सामानाची अडचण नाही आणि कूलरपासून पाण्याच्या टाकीपर्यंत फायबरग्लासचं काम करणारे हातही इथे भरपूर आहेत.

बांधणारा आणि चालवणारा एक असला तर काय होतं, हे मराठी वाचकाला गोव्याच्या दिवाडी बेटावर पाहायला मिळतं. रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात ‘म्हादेई’ बांधली गेली, लाकडी पट्ट्यांचा गाभा आणि त्यावर काचेचं कापड व इपॉक्सी, म्हणजे आपल्या याच कामाचं छप्पन्न फुटी रूप. कमांडर दिलीप दोंदे तिच्या बांधणीत सुरुवातीपासून होते, आणि २००९–१० मध्ये तीच होडी घेऊन ते एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. भर समुद्रात काही मोडलं तर आत काय आहे हे त्यांना पाहावं लागणार नव्हतं, त्यांनी ते घडताना पाहिलं होतं. त्याच यार्डातल्या ‘तारिणी’वरून २०१७–१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी प्रदक्षिणा केली. त्यांत हैदराबादच्या ऐश्वर्या बोड्डपाटी होत्या. परतीच्या वाटेवर सुकाणूची यंत्रणा बिघडली आणि मॉरिशसला थांबून ती दुरुस्त करावी लागली. एवढ्या मोठ्या प्रवासात दुरुस्ती येते की नाही हा प्रश्नच नसतो, ती कधी येते एवढंच.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. क्लबांनी वर्षातला एक महिना, शक्यतो जानेवारी, होड्या उलट्या घालण्यासाठी ठेवावा आणि ज्या मुलानं होडी ठोकली त्यानंच ती मोठ्यांच्या नजरेखाली दुरुस्त करावी. आणि विवेकवर्धिनीसारख्या शहरातल्या जुन्या मराठी संस्थांनी, नाहीतर कुठल्याही शाळेनं, एक नवी होडी बांधून पाहावी. आठ बाय चारच्या मरीन प्लायच्या दोन शीट, आयएस ७१० दर्जाच्या, सहा मिलीमीटरच्या. थोडं सागवान, इपॉक्सी, काचेची पट्टी, तांब्याची तार. शीड आणि डोलकाठी क्लबाकडून जुनी मिळू शकते. शर्यतीसाठी आज सगळे फायबरग्लासची होडी घेतात हे खरं, पण ऑप्टिमिस्टच्या नियमांत लाकडी होडीसाठी अजून वेगळं परिशिष्ट आहे. मापात बांधली, मोजून घेतली, तर ती त्याच ओळीत उभी राहू शकते.