नाणेघाट : मूर्ती गेल्या, नावे उरली

पर्वतातील प्राचीन अवशेष म्हटले की पेरू देशातील माचू पिच्चूचे स्मरण होते. १५ व्या शतकातील त्या इंका नगरीच्या भिंती आजही उभ्या आहेत; परंतु इंका लोक गाठी मारलेल्या दोऱ्यांवर हिशेब ठेवीत, दगडावर अक्षरे कोरीत नसत. त्यामुळे तेथे वास्तू आहे, पण तिच्यावर कोणाचे नाव नाही.

पुणे जिल्ह्यात याच्या नेमके उलट घडले आहे. सणसर-इंदापूरचा सपाट मुलूख मागे टाकून जुन्नरमार्गे जिल्ह्याच्या वायव्य सीमेवर गेले म्हणजे नाणेघाट लागतो. कोकणातील बंदरे व देश यांना जोडणाऱ्या या वाटेवरील लेण्यात सातवाहन राजकुलाच्या मूर्ती होत्या. त्या भग्न झाल्या. तथापि त्यांच्या वरच्या बाजूस ब्राह्मी लिपीत कोरलेली सिमुक, सातकर्णी, नागनिका इत्यादी नावे वाचता येतात. बाजूच्या भिंतींवरील प्राकृत लेखात अश्वमेधादी यज्ञ आणि गाई, घोडे व कार्षापण यांची दक्षिणा नोंदलेली आहे. ब्यूलर यांनी १८८३ साली त्याचे वाचन प्रसिद्ध केले. त्यातील अंकचिन्हे भारतीय अंकलेखनाच्या इतिहासास विशेष उपकारक ठरली.

घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचा, असे परंपरा सांगते. लेखाच्या उपलब्ध भागात मात्र जकातीची नोंद नाही. परंपरा व पुरावा यांतील हा भेद अभ्यासकाने जाणावा. अक्षरे ठळक दिसावीत म्हणून त्यांवर खडू फिरविणेही टाळावे. कारण ती झिजल्यास या राजकुलाची येथील ओळखच पुसली जाईल.