तारणाची उंची

नांदेड-लातूरची अनेक व्यापारी घराणी मुंबईत सदनिका घेतात. मुंबई मुळात सात बेटांची. १७८४ च्या सुमारास हॉर्नबी वेलार्डचा बांध पूर्ण झाला व पुढे भरावाने ती बेटे सांधली गेली. नरिमन पॉइंटही भरावावरच उभा आहे. सागर चढत असताना मालदीवने १९९७ पासून हुलहुमाले हे बेट भर घालून, सपाटीपासून सुमारे २ मीटर उंच उभारले.

बँकेत वीस वर्षांचे गृहकर्ज देताना आम्ही कागदपत्रे काटेकोर तपासली. जमिनीची उंची मात्र कधी विचारली नाही. खरेदीदाराने ती आता अवश्य विचारावी. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणवणाऱ्या लातूरकरांना निसर्गाची थकबाकी वेगळी समजावून सांगायला नको.