दातांवरील व्हिनिअर : निर्णयापूर्वीचा विचार
(फ्लोरोसिसग्रस्त दातांच्या विशेष संदर्भात)

सारांश : समोरच्या दातांच्या दर्शनी बाजूस पातळ आवरण चिकटवून त्यांचा रंग व आकार सुधारण्याच्या उपचारास 'व्हिनिअर' असे म्हणतात. या उपचारासाठी बहुधा दाताचा काही भाग घासावा लागतो आणि तो पुन्हा कधीही भरून येत नाही. म्हणून हा निर्णय केवळ सौंदर्यदृष्टीने घेणे योग्य ठरत नाही. प्रस्तुत लेखात फ्लोराइडयुक्त पाण्यामुळे डागाळलेल्या दातांचे उदाहरण मध्यवर्ती ठेवून, हा उपचार कोणास योग्य व कोणास अयोग्य, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : व्हिनिअर, एनॅमल, फ्लोरोसिस, सौंदर्योपचार, दंतआरोग्य.

प्रस्तावना

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आढळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड प्रतिलिटर १ मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट असून, अन्य स्रोत उपलब्ध नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत ते चालवून घेतले जाते. याहून अधिक फ्लोराइड असलेले बोअरवेलचे पाणी लहानपणी पिण्यात आले, तर कायमच्या दातांवर पांढरे पट्टे, पिवळसर-तपकिरी डाग आणि तीव्र अवस्थेत खड्डे दिसतात. यालाच दंत फ्लोरोसिस म्हणतात. असे दात असलेल्या तरुण-तरुणींत हसताना तोंडावर हात धरण्याची सवय दिसते. मुलाखत, विवाहाची बोलणी किंवा छायाचित्र यांसारख्या प्रसंगी हा संकोच अधिक जाणवतो. पुढे शिक्षण वा नोकरीनिमित्त शहरात आल्यावर 'पांढरे शुभ्र दात' देणाऱ्या उपचारांच्या जाहिराती त्यांच्या पाहण्यात येतात. व्हिनिअरचा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो तो अशा वेळी. संकोच खरा असतो, म्हणूनच निर्णय घाईने होण्याचा संभवही अधिक असतो.

व्हिनिअरचे स्वरूप व पार्श्वभूमी

व्हिनिअर म्हणजे पोर्सेलीन अथवा कंपोझिट रेझिन यांचा नखासारखा पातळ पापुद्रा होय. त्याची जाडी सर्वसाधारणपणे ०.३ ते ०.७ मिलिमीटर असते. पोर्सेलीनचे व्हिनिअर दाताचे माप घेऊन प्रयोगशाळेत घडविले जाते. कंपोझिटचे व्हिनिअर बहुधा दंतवैद्य खुर्चीवरच थर देऊन तयार करतात.

१९३० च्या दशकात अमेरिकेतील दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी हॉलिवूडच्या नटनट्यांसाठी चित्रीकरणापुरती टिकणारी आवरणे तयार केली. ती दातांना कायमची चिकटविण्याचा उपाय तेव्हा उपलब्ध नव्हता. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी सौम्य आम्लाने एनॅमलचा पृष्ठभाग खरखरीत केल्यास त्यावर रेझिन घट्ट बसते, हे दाखवून दिले. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी पोर्सेलीनच्या आतील बाजूवरही आम्लप्रक्रिया करण्याची पद्धत रूढ झाली आणि आजचे व्हिनिअर शक्य झाले.

या इतिहासातच उपचाराचे मर्म आहे. व्हिनिअर टिकते ते प्रामुख्याने एनॅमलच्या आधारावर. एनॅमलखालील दंतिन या थरावर ही पकड तितकी भरवशाची राहत नाही. पटाशीच्या दातांचे एनॅमल हिरडीलगत अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असते. तेथे थोडे अधिक घासले गेले, तरी दंतिन उघडे पडते. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येताच नष्ट होतात. त्यामुळे गेलेले एनॅमल शरीर पुन्हा निर्माण करू शकत नाही.

डागाचे कारण ओळखणे

सर्वच डागांना व्हिनिअर लागत नाही. मिश्री, तंबाखू, चहा यांचे डाग मुख्यतः दाताच्या पृष्ठभागावर असतात. किटण काढून दात पॉलिश केल्यास ते बव्हंशी जातात. मुळापासून मेलेल्या एकाच दाताचा काळपटपणा हा निराळा प्रश्न असून त्यास प्रथम रूट कॅनाल उपचार लागतो. बालपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिन औषधाचे करडे पट्टे दंतिनमध्ये खोलवर असतात आणि पातळ व्हिनिअरमधूनही त्यांची छटा जाणवू शकते.

फ्लोरोसिसमध्ये दोष एनॅमलच्या घडणीतच असतो. १९०१ पासून कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे फ्रेडरिक मॅके यांनी अशा तपकिरी डागांचा मागोवा घेतला आणि १९३१ मध्ये पाण्यातील फ्लोराइड हे त्याचे कारण असल्याचे रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांच्या पृथक्करणातून स्पष्ट झाले. अतिरिक्त फ्लोराइडमुळे एनॅमलच्या पृष्ठभागाखालील थर सच्छिद्र राहतो. दात उगवतो तेव्हा तो खडूसारखा पांढुरका असतो; तपकिरी रंग नंतर त्या छिद्रांत मुरतो. म्हणून सौम्य व मध्यम फ्लोरोसिसमध्ये पुष्कळदा वरवरच्या उपचारांनीही समाधानकारक फरक पडतो.

पायरीपायरीने उपचार

दाताची हानी ज्यात सर्वांत कमी, तो उपाय प्रथम, हा येथील मुख्य नियम होय.

पहिली पायरी सफाईची. दुसरी ब्लीचिंगची, यात पांढऱ्या पट्ट्यांभोवतीचा भाग उजळतो आणि विसंगती कमी होते. तिसरी मायक्रोअॅब्रेजनची. यात सौम्य आम्ल व प्यूमिसची भुकटी यांच्या मिश्रणाने एनॅमलचा अगदी वरचा थर हलकेच घासून तपकिरी डाग काढतात. चौथ्या पायरीत सच्छिद्र एनॅमलमध्ये पातळ रेझिन जिरवून पांढरे डाग पुसट केले जातात. खड्डे थोडे असल्यास तेवढ्याच भागात कंपोझिट भरता येते. एवढे करूनही समाधान न झाल्यास, अथवा एनॅमल ठिकठिकाणी तुटून गेले असल्यास, व्हिनिअरचा विचार करावा.

ब्लीचिंग करावयाचे असल्यास ते व्हिनिअरच्या आधी करावे लागते, कारण पोर्सेलीनचा रंग पुढे ब्लीचने बदलत नाही. ब्लीचिंगनंतर सुमारे दोन आठवडे थांबून मगच चिकटविण्याचे काम हाती घेतात. फ्लोरोसिसग्रस्त एनॅमलचा बाह्य थर आम्लास दाद देत नसल्याने ही प्रक्रिया काही वेळा अधिक काळ करावी लागते. अशा दातांचा अनुभव असलेला दंतवैद्य निवडणे यासाठी महत्त्वाचे ठरते.

कोणास योग्य, कोणास अयोग्य

ज्यांच्या हिरड्या निरोगी आहेत, दातांना कीड नाही, एनॅमल पुरेसे शिल्लक आहे आणि वाढ पूर्ण झाली आहे, अशा प्रौढ व्यक्तींस व्हिनिअर उपयुक्त ठरते. किशोरवयात हिरडीची रेषा स्थिरावलेली नसते व दाताचा गर मोठा असतो. म्हणून त्या वयात कंपोझिटसारखा तात्पुरता उपाय बरा.

झोपेत दात खाण्याची सवय असणाऱ्यांत व्हिनिअरला तडे जाण्याचा धोका मोठा असतो. त्यांनी प्रथम त्या सवयीवर उपचार घ्यावेत आणि पुढेही रात्री नाईट गार्ड वापरावे. नखे कुरतडणे, सुपारी फोडणे, दाताने बाटलीचे झाकण उघडणे या सवयीही तितक्याच घातक आहेत. मिश्री वा गुटखा चालूच राहिल्यास व्हिनिअरच्या कडांशी डाग साचतात, हिरड्या खाली सरकतात आणि कडा उघड्या पडतात. दात फार वाकडे असल्यास तारा लावून ते सरळ करणे, हा दात न घासता होणारा मार्ग आहे.

व्हिनिअर व कॅप यांतील फरकही ध्यानात घेतला पाहिजे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एडलहॉफ व सोरेन्सन यांच्या मापनानुसार, व्हिनिअरसाठी दाताच्या दृश्य भागाचा सुमारे ३ ते ३० टक्के अंश, तर पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के अंश काढावा लागतो. 'व्हिनिअर' या नावाखाली निरोगी दात चहूबाजूंनी घासले जाणार असतील, तर तो निराळाच उपचार होय.

काळाचा हिशोब

पोर्सेलीनची व्हिनिअर चांगल्या निगेने साधारण १० ते १५ वर्षे, क्वचित अधिकही टिकतात. कंपोझिटची त्याहून कमी काळ टिकतात, मात्र त्यांची दुरुस्ती सोपी असते. समजा, बाविसाव्या वर्षी आठ दातांना व्हिनिअर बसविली आणि प्रत्येक वेळी ती १५ वर्षे टिकली, तर सदतिसाव्या, बावन्नाव्या व सदुसष्टाव्या वर्षी ती बदलण्याची वेळ येईल. प्रत्येक बदलात दाताचा आणखी थोडा अंश जाऊ शकतो. पहिल्या वेळेचा खर्च म्हणजे एकूण खर्चाचा केवळ आरंभ होय. हे ओझे पुढे कोण व कसे उचलणार, याचा विचार कुटुंबाने आधीच करावा.

निर्णयापूर्वी दंतवैद्यांना पुढील प्रश्न अवश्य विचारावेत : डागाचे कारण कोणते? कमी हानीचे उपाय करून पाहिले काय? किती दात व किती घासावे लागतील? घासल्यानंतर एनॅमल शिल्लक राहील काय? तडा गेल्यास काय करावे लागेल? दात घासण्यापूर्वी तात्पुरता नमुना बसवून चेहरा आरशात पाहता येतो; तशी मागणी करण्यात संकोच नसावा.

निष्कर्ष

व्हिनिअर हा उपयुक्त उपचार आहे. तीव्र फ्लोरोसिसने खडबडीत झालेल्या दातांच्या व्यक्तीस तो मोकळेपणाने हसण्याचे समाधान देऊ शकतो. मात्र तो मागे घेता येत नाही. सौम्य डागांसाठी निरोगी एनॅमल खर्ची घालणे हे आज मिळणाऱ्या समाधानाच्या तुलनेत महाग पडते. कारणाचे निदान, कमी हानीच्या उपायांची पायरी, सवयींची तपासणी आणि आयुष्यभराच्या खर्चाचा अंदाज या चार कसोट्यांवर उतरल्यावरच हा निर्णय घ्यावा.

एक गोष्ट याहूनही निकडीची आहे. ज्या घरातील मोठ्या भावंडाचे दात डागाळले आहेत, त्याच घरातील लहान मूल तेच पाणी पीत असते. कायमच्या दर्शनी दातांचे एनॅमल साधारण वयाच्या आठव्या वर्षापर्यंत घडत असते. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने विकसित केलेली, तुरटी व चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची नालगोंडा पद्धत किंवा सुरक्षित पर्यायी स्रोत यांचा अवलंब वेळीच झाल्यास, त्या मुलापुढे पुढे हा प्रश्नच उभा राहणार नाही. मोठ्याच्या दातांवरील उपचाराचा विचार करताना धाकट्याच्या पाण्याची तपासणी करून घेणे, हे कुटुंबाचे पहिले कर्तव्य ठरते.