‘हार्ट फेल’ आणि हृदयाचा ताल

नार्व्यात आमच्या शेजारच्या काकी एका दुपारी रडत घरी आल्या. डॉक्टरांनी काकांना ‘हार्ट फेल्युअर’ सांगितले होते. काकींनी ऐकले ‘हार्ट फेल’. काका तेव्हा सोप्यावर बसून चहा पीत होते.

काकींची चूक नव्हती. मराठीत ‘हार्ट फेल झाले’ म्हणजे माणूस गेला. वैद्यकात मात्र अर्थ वेगळा: हृदय चालू असते, पण शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलायला कमी पडते. धाप लागते, पाय सुजतात, रात्री उशीवर उशी घ्यावी लागते. वर्तमानपत्रे ‘हृदय निकामी होणे’ लिहितात. निकामी वस्तू आपण टाकून देतो. हे हृदय तर अजून सावरता येण्यासारखे असते. मला ‘हृदयक्षीणता’ बरा वाटतो.

अशा काही रुग्णांत शक्तीबरोबर तालही बिघडलेला असतो. हृदयातील विद्युत्संदेश ज्या तंतूंच्या जुडीतून खाली उतरतो, ती विल्हेल्म हिस यांनी १८९३मध्ये दाखवली. पुढे तिच्या उजवी व डावी अशा दोन शाखा होतात. डावी शाखा अडली की डाव्या कप्प्याचा मधला पडदा आधी आकुंचतो आणि बाहेरची भिंत मागाहून. भजनात झांज एकीकडे आणि पखवाज दुसरीकडे जावा, तसे. जोर लागतो, पण रक्त पुढे जाण्याऐवजी आतल्या आत हेलकावते. ईसीजीवर एरवी १२० मिलिसेकंदांच्या आत उरकणारी खूण मग रुंदावते, कधी १५०च्याही पुढे जाते.

मंद ठोक्यांसाठी बसवायचा साधा पेसमेकर उजव्या कप्प्यातून ठोका देतो. तो सतत चालवावा लागला, तर काहींत हाच विसंवाद तो स्वतः निर्माण करतो. म्हणून ताल जुळवणाऱ्या यंत्राला आणखी एक तार असते; ती हृदयामागच्या शिरेतून डाव्या भिंतीपाशी नेतात आणि दोन्ही बाजूंना जुळवून ठोका देतात. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील अभ्यासात ८१३ रुग्ण होते. सुमारे अडीच वर्षांत केवळ औषधांवरच्या गटात ३० टक्के दगावले, यंत्र बसवलेल्यांत २०. तरीही साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांना अपेक्षित गुण येत नाही.

इथे एक आपल्या ओळखीचे आडनाव भेटते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात काम करणारे डॉ. प्रमोद देशमुख यांनी २०००मध्ये सहकाऱ्यांसह वेगळी वाट दाखवली: बाहेरून दोन टोके शिवण्यापेक्षा निसर्गाच्या तारेलाच, म्हणजे हिसच्या जुडीलाच, ठोका द्यावा. त्यांच्या १८ रुग्णांपैकी १२ जणांत ते कायमचे साधले. जागा अगदी बारीक, तार टिकवणे कठीण. २०१७मध्ये चिनी डॉक्टरांनी तार पडद्यात थोडी खोल नेऊन डावी शाखाच गाठली. जुन्या व नव्या पद्धतींची तुलना करणारे मोठे अभ्यास चालू आहेत.

काकांच्या ईसीजीवरची खूण अरुंद निघाली. यंत्र लागले नाही. गोळ्या आणि कमी मीठ यांवर भागले. काकी तो इंग्रजी शब्द अजून उच्चारत नाहीत. ‘त्यांचे ते काळजाचे’ एवढेच म्हणतात.