राखणदारच पीक तुडवतात तेव्हा

कोरोनात आपण पाहिलं, की ताप उतरत आलेला माणूस आठव्या-दहाव्या दिवशी अचानक धापा टाकू लागायचा. असं का व्हायचं?

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शेताचे राखणदार. विषाणू शिरला की त्या एकमेकींना हाका देतात आणि त्याला संपवतात. बहुतेकांचं दुखणं इथंच थांबतं. काहींच्या शरीरात मात्र विषाणू कमी झाला तरी हाका थांबत नाहीत. फुप्फुसात पेशींची झुंबड उडते, सूज येते, हवेच्या बारीक पिशव्यांत पाणी भरतं आणि रक्तातला ऑक्सिजन घटतो. डुकरं हाकलताना राखणदारांनीच पीक तुडवावं, तसं.

ही सूज आवरणारं औषध जुनं आणि स्वस्त आहे: डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत त्यामुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना मात्र काहीच फायदा दिसला नाही.

लवकर घेतलं तर राखणदारच ढिले पडतात, विषाणूला रान मोकळं मिळतं. रक्तातली साखरही वाढते. २०२१ मध्ये महाराष्ट्रात काळी बुरशी फोफावली, त्यामागे मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर ही मोठी कारणं होती.

म्हणून बायांनो, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय स्टेरॉइड नको, शेजारणीची उरलेली गोळी तर नकोच. गटात एक ऑक्सिमीटर ठेवा. आकडा ९४ च्या खाली गेला किंवा बोलताना दम लागला, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.