नातवाला रंग ओळखता येत नाहीत. त्याला डिझायनर होऊ द्यावे का?

बारावीचा निकाल लागून प्रवेशांची धांदल सुरू झाली की एखादे तरी कुटुंब हा प्रश्न घेऊन माझ्या दवाखान्यात येते. मुलाचा हात चांगला असतो, संगणकावर तो तासन्‌तास चित्रे करत बसतो, त्याला ग्राफिक डिझायनर व्हायचे असते. आणि नेमके अशा वेळी तपासणीत लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा निघतो. सोबत बहुधा आजोबा असतात. त्यांचा प्रश्न सरळ असतो : "डॉक्टर, ज्याला रंगच दिसत नाहीत त्याने रंगांवर पोट कसे भरायचे?"

वाचकहो, आपल्याही घरात हा प्रश्न असेल, तर पहिली गोष्ट ही लक्षात घ्या, की अशा मुलाला रंग दिसत नाहीत हे खरे नाही. सगळे जग करड्या छटांत पाहणारी माणसे अत्यंत विरळा. आपल्या दृष्टिपटलावर रंग टिपणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांतील लाल किंवा हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशींत जन्मतः उणीव असली, की काही ठरावीक रंगांच्या जोड्यांत गोंधळ होतो. तपकिरी आणि गडद हिरवा, निळा आणि जांभळा, फिका गुलाबी आणि करडा या त्यांतल्या नेहमीच्या जोड्या. हिरव्या पानांत लपलेले जास्वंदीचे फूल अशा मुलाला चटकन सापडत नाही. निळा आणि पिवळा मात्र त्याला उत्तम दिसतात, आणि उजेड-अंधाराचा फरक तर तुमच्या-माझ्याइतकाच नेमका कळतो. रेषा, प्रमाण, अक्षराचे वळण, पानावर मोकळी सोडलेली जागा यांना या दोषाचा स्पर्शही होत नाही. डिझायनरच्या कामाचा केवढा मोठा भाग या चार गोष्टींत असतो, हे आपण घरातले लोक सहसा विचारात घेत नाही.

या दोषाचे पहिले पद्धतशीर वर्णन ज्याने केले, तो स्वतःच रंगांधळा होता. अणुसिद्धान्तासाठी प्रसिद्ध असलेले इंग्लंडचे जॉन डाल्टन यांनी १७९४ साली मँचेस्टर येथे आपल्या रंगदृष्टीविषयी निबंध वाचला. आपल्या डोळ्यांतील द्रव निळसर असावा, अशी त्यांची समजूत होती आणि मृत्यूनंतर डोळे तपासावेत, अशी इच्छा त्यांनी सांगून ठेवली होती. १८४४ मध्ये ते वारले तेव्हा द्रव स्वच्छच निघाला. पण जपून ठेवलेल्या त्या अवशेषांतून १९९५ साली शास्त्रज्ञांनी जनुके तपासली आणि दीडशे वर्षांनी उत्तर मिळाले : हिरव्याला प्रतिसाद देणारे रंगद्रव्यच त्यांच्याकडे नव्हते.

आता आजी-आजोबांशी थेट संबंध असलेली गोष्ट. लाल-हिरव्या रंगदृष्टीची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे एक्स एकच. तो सदोष असला, की दोष प्रकट होतो. स्त्रीकडे दोन असतात. एक चांगला असला तर तिला सहसा त्रास होत नाही, परंतु ती वाहक राहते. रंगांधळ्या पुरुषाच्या सर्व मुली वाहक होतात आणि त्या मुलींच्या प्रत्येक मुलात दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते. बापाकडून मुलाकडे हा दोष जात नाही, कारण बाप मुलाला एक्स देतच नाही. म्हणजे मुलीचा मुलगा रंगांधळा निघाला, तर पुष्कळदा वारसा आजोबांचा असतो. नातवासोबत आलेल्या आजोबांपुढे तेच पुस्तक धरले आणि त्यांनाही आकडे दिसले नाहीत, असे मी पाहिले आहे. मोजे आणि सदरे आयुष्यभर आजींनीच निवडून दिलेले असतात, मग कळणार कसे?

हे विस्ताराने सांगण्याला कारण आहे. मुलाचा मुलगा रंगांधळा निघाला की "हे सुनेच्या माहेरचे" असा शेरा काही घरांत आजही ऐकू येतो. शास्त्रदृष्ट्या त्यात तथ्य आहे. दोषारोप म्हणून त्याला काडीचा अर्थ नाही. याच नियमाने तुमच्या लेकीच्या मुलांना तुमच्याकडून काय काय गेले असेल, याचा हिशेब कोणी मांडत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हा दोष शंभरात सुमारे आठ जणांना असतो, स्त्रियांत साधारण दोनशेंत एकीला. आपल्याकडील पाहण्यांत पुरुषांचे प्रमाण त्याहून कमी आढळते. तरीही एखाद्या शाळेतल्या मुलग्यांची पटसंख्या पाहिली, तर असे काही जण तेथे नक्कीच बसलेले असतात.

आता मूळ प्रश्न : काम कसे जमते? छपाईत रंग चार शायांच्या टक्केवारीने सांगितला जातो : सायन नावाचा निळा, मॅजेंटा नावाचा गुलाबी, पिवळा आणि काळा. पूर्ण मॅजेंटा आणि पूर्ण पिवळा, बाकी दोन शून्य, म्हणजे भडक लाल. संगणकाच्या पडद्यावर तेच रंग शून्य ते २५५ या आकड्यांत असतात. चित्रातील कोणत्याही ठिपक्यावर साधन टेकवले, की त्याचे आकडे समोर येतात. रंगांधळा डिझायनर डोळ्यांवर विसंबत नाही, आकडे वाचतो. सर्वांत अवघड काम माणसांच्या छायाचित्रांचे, कारण त्वचेवर हिरवट झाक आली तरी त्याला ती जाणवत नाही. तेथेही मार्ग आहे. त्वचेच्या छटेत पिवळा मॅजेंटाच्या बरोबरीने किंवा थोडा अधिक असतो आणि सायन त्या दोहोंपेक्षा बराच कमी. सायन चढलेला दिसला, की चेहरा बिघडला असे समजायचे. शिवाय आधी सगळी मांडणी काळ्या-पांढऱ्यात पक्की करायची आणि मग रंग भरायचे, ही सवय अशा मुलांना फार उपयोगी पडते. किंबहुना ती डोळस डिझायनरांनाही लावायला हवी, असे माझे मत आहे.

हे सारे जमते, पण एका अटीवर : दोष लपवू नये. माझ्या परिचयातील एक तरुण लहानशा छापखान्यात पत्रिकांची मांडणी करत असे. रंगाची शंका आली की शेजारच्या सहकाऱ्याला सहज विचारल्यासारखे करून वेळ निभावून न्यायचा. एके दिवशी सहकारी रजेवर होता. लग्नपत्रिकेची कुंकवासारखी लाल असायला हवी ती किनार तपकिरी छापली गेली आणि ती पत्रिका मंगल कार्याला कोण स्वीकारणार? पुनर्छपाईचे पैसे त्याच्या पगारातून कापले गेले. त्या रात्री त्याने आईला म्हटले, "मी उद्यापासून जाणार नाही." आईनेच समजूत घालून दुसऱ्या दिवशी त्याला मालकांकडे पाठवले आणि त्याने खरे काय ते सांगितले. मालक व्यवहारी निघाले. अक्षरे आणि मांडणी याची, अखेरची रंगतपासणी दुसऱ्याची, असे त्यांनी ठरवून टाकले. आज त्याच्याजवळ नेहमीच्या रंगांच्या आकड्यांची वही असते. देवनागरी अक्षरलेखनात त्याचा हात असा बसला आहे, की गिऱ्हाईक त्याचे नाव घेऊन येते.

असा मार्ग काढणारा तो पहिला नव्हे. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चित्रकार शार्ल मेरियों रंगांधळा होता. त्याने रंग बाजूला ठेवून धातूच्या पत्र्यावर रेषा कोरून छपाई करण्याची कला धरली. त्याने कोरलेली पॅरिसची दृश्ये आजही संग्रहालयांत मानाने ठेवली जातात.

कायद्याची बाजूही अलीकडे बदलली आहे. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवडलेल्या एका विद्यार्थ्याला रंगांधळेपणामुळे प्रवेश नाकारला गेला होता. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने अशा विद्यार्थ्यांना सरसकट वगळता येणार नाही, आवश्यक तेथे अभ्यासक्रमात सोय करावी, असा निर्णय दिला. सौम्य व मध्यम दोष असणाऱ्यांना वाहन परवान्याची वाटही २०२० मध्ये मोकळी झाली. रेल्वेचे इंजिन चालवणे, विमान चालवणे अशा कामांना मात्र रंगदृष्टीच्या अटी आहेत आणि त्या असायलाच हव्यात. तेथे चुकीच्या रंगाची किंमत पत्रिकेपुरती राहत नाही. म्हणून नातवाची तपासणी दहावीच्या आतच करून घ्या. लहान मूल खडूवरचे नाव वाचून रंग निवडत असेल आणि वेष्टन निघाले की अडत असेल, झाडाचे खोड हिरवे व पाने तपकिरी रंगवत असेल, तर त्याला रागावू नका, नेत्रतज्ज्ञांकडे न्या. ठिपक्यांतले आकडे ओळखण्याची चाचणी जपानचे डॉ. इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली आणि ती आजही वापरात आहे. मोबाइलच्या पडद्यावर ती करू नका, कारण पडद्यागणिक रंग बदलतात. दोष किती तीव्र आहे, हे कळायला रंगीत चकत्या क्रमाने लावण्यासारख्या आणखी चाचण्या लागतात, आणि व्यवसाय निवडताना तेच कळणे महत्त्वाचे असते.

यावर औषध किंवा शस्त्रक्रिया नाही. २००९ साली माकडांवर जनुकोपचाराचा प्रयोग यशस्वी झाला, परंतु माणसांच्या लाल-हिरव्या दोषासाठी तसा उपचार अद्याप दवाखान्यात आलेला नाही. रंगीत भिंगांचे महागडे चष्मे काही छटांतला फरक ठळक करतात, मूळ दोष घालवत नाहीत. बक्षीस म्हणून घेऊन देण्यापूर्वी मुलाला दुकानात लावून पाहू द्या.

जन्मजात दोष आयुष्यभर तसाच राहतो. तुम्हाला स्वतःला मात्र अलीकडे रंग वेगळे दिसू लागले असतील, तर ती निराळी बाब आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष नको. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि निळा-जांभळा मंदावतो. चित्रकार क्लोद मोने यांनाही हा त्रास झाला आणि १९२३ मध्ये त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. काचबिंदूतही रंगदृष्टी बिघडू शकते. क्षयरोगाच्या उपचारातील एथॅम्ब्युटॉल या औषधाने लाल-हिरवा फिका वाटू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना सगळे पिवळसर दिसू लागले, तर तेही लगेच कळवा. असे रुग्ण ठिपक्यांच्या पुस्तकात कधी कधी उत्तीर्ण होतात, कारण ते पुस्तक निळ्या-पिवळ्याचा दोष पकडत नाही. म्हणून "चाचणी ठीक आली" एवढ्यावर थांबू नका. बदल कधीपासून आहे आणि एका डोळ्यात आहे की दोन्ही, हे नीट सांगा.

आणि एक आजच करण्याजोगे. पुष्कळ घरांत गोळ्यांच्या डब्यांना सकाळची लाल आणि रात्रीची हिरवी अशा टिकल्या लावलेल्या असतात. गोळ्या देणारा नातू रंगांधळा असेल आणि घेणाऱ्या आजोबांना मोतीबिंदू असेल, तर त्या टिकल्या दोघांच्याही कामाच्या नाहीत. त्या काढून टाका. पांढऱ्या कागदावर काळ्या ठसठशीत अक्षरांत "सकाळ" आणि "रात्र" असे लिहून डब्यांवर चिकटवा. नातू डिझायनर व्हायला निघालाच असेल, तर ही अक्षरे त्याच्याकडूनच काढून घ्या.