इशारा खोटा असला तर?

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठला की पहिलं विचारतो, ‘बंधाऱ्यावर पाणी किती फूट?’ राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका. आकड्याची शंका आली तर सायकल काढायची आणि घाटावर जाऊन डोळ्यांनी बघून यायचं. रात्रीच्या विमानातल्या वैमानिकाला असा घाट नसतो. समोरच्या तबकड्या सांगतील ते खरं. त्यांतली एखादीच खोटं बोलू लागली तर?

१ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईत हेच घडलं. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. रेडिओभोवती गप्प बसलेली मोठी माणसं तेवढी आठवतात. एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ हे जम्बो जेट सांताक्रूझहून दुबईला निघालं. समुद्रावर येताच ते उजवीकडे थोडं वळलं आणि पुन्हा सरळ झालं. पण कॅप्टनसमोरचं कल दाखवणारं यंत्र, विमान अजून उजवीकडेच कललंय, असं दाखवत राहिलं. कॅप्टननी ते सावरायला डावीकडे वळवलं, आणखी डावीकडे वळवलं. उड्डाणानंतर अवघ्या १०१ सेकंदांत विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली.

एवढं मोठं विमान आडवं होतंय हे कळू नये? आमचे अब्बा गवंडीकाम करत. त्यांचा ओळंबा भिंतीचा खोटेपणा लगेच पकडायचा. पण नीट वळण घेणाऱ्या विमानात तोच ओळंबा टांगला, तर तो धरणीकडे नव्हे, विमानाच्या फरशीकडे लोंबेल. आपल्या कानातलं तोल सांभाळणारं द्रव्यही असंच फसतं. खाली काळा समुद्र, वर काळं आभाळ. शरीराच्या साक्षीला तिथे किंमत नाही.

साक्षीदार मात्र आणखी होते. सहवैमानिकासमोर तसंच दुसरं यंत्र असतं आणि मध्ये एक राखीव. तिघांत दोघं एक सांगत असतील तर तिसऱ्याला बाजूला ठेवायचं, ही साधी पंचायत. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनियरने ‘त्यावर जाऊ नका’ असं बजावलंही होतं, पण वेळ निघून गेली होती. भारतातल्या चौकशीने बिघडलेलं यंत्र आणि त्यावरून कॅप्टनने केलेल्या चुकीच्या हालचालींवर बोट ठेवलं. अमेरिकेतल्या न्यायालयाने १९८५ साली नुकसानभरपाईच्या दाव्यात यंत्रदोषाचा मुद्दा मात्र मान्य केला नाही.

याहून चमत्कारिक गोष्ट पेरू देशातली. २ ऑक्टोबर १९९६ ला लिमाहून एक बोइंग ७५७ निघालं. विमान धुताना, बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली होती. मग एक घंटा सांगे वेग फार झाला, दुसरी सांगे वेग फार कमी झाला. वैमानिकांनी जमिनीवरच्या नियंत्रकाला उंची विचारली. त्याने ९,७०० फूट सांगितली. पण त्याच्या पडद्यावर येणारा आकडा त्याच विमानातून, त्याच बंद छिद्रांच्या हिशेबाने निघालेला! खोट्या साक्षीदाराकडूनच खातरजमा झाली म्हणायची. ‘खाली आलात’ असं ओरडणारा एक इशारा मात्र खरा होता, कारण तो रेडिओलहरींनी पृष्ठभागापासूनचं अंतर मोजत होता. इतक्या खोट्या घंटांत त्यावर विश्वास बसला नाही. पंख पाण्याला लागला. ७० जण गेले.

म्हणून वैमानिकांना शिकवतात ते असं: वेगाचे काटे बिघडले तर त्यांच्या मागे लागू नका. नाक किती वर आणि इंजिनाला जोर किती, याची ठरलेली जोडी पाठ असते, ती लावली की विमान तरंगत राहतं. कोण खोटं ते मग शोधा. रात्री ‘जमीन जवळ आली’ असा आवाज आला, तर शंका घेत न बसता आधी विमान वर खेचायचं. इशारा खोटा निघाला तर थोडं इंधन जाईल, प्रवाशांच्या मांडीवर चहा सांडेल, इतकंच. सामानाच्या कप्प्यात धुराचा दिवा लागला तरी तेच. जवळचा विमानतळ गाठायचा. असे खोटे दिवे लागतात आणि उशीर झालेले प्रवासी चिडतात. मीही एकदा चिडलो होतो.

आताच्या विमानांत फ्लाइट इंजिनियरची खुर्ची राहिलेली नाही. दोन बाजूंच्या यंत्रांत फरक पडला की संगणकच पडद्यावर तसं लिहून दाखवतो. आणि कॅप्टन चुकतोय असं वाटलं तर मोठ्याने बोलायचं, हे सहवैमानिकाला प्रशिक्षणातच शिकवलं जातं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)